गंभीर आजारी मुलाची शुश्रूषा आणि पालकांच्या मनावरचा ताण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बालरुग्ण विभागात वैद्यकीय समाजसेवेचे काम करते. योजनेचे अर्ज, शिधापत्रिकेच्या प्रती, रक्तपेढीची चिठ्ठी अशा कामांसाठी पालक माझ्या टेबलापाशी येतात, आणि कागद पूर्ण झाल्यावर, उठता उठता, जे विचारायचे ते विचारतात. येथे घेतलेले प्रश्न तसे आहेत. बहुतेक उदाहरणे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाची आहेत, कारण मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे आणि त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालत असल्याने घरातल्या प्रत्येकाच्या मनाची कसोटी लागते. थॅलेसेमिया, मूत्रपिंडाचे विकार, जन्मजात हृदयविकार किंवा स्नायूंचे आनुवंशिक आजार असलेल्या मुलांच्या पालकांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

निदान सांगितल्यापासून डोके बधिर झाले आहे. डॉक्टर बोलतात तेव्हा मान हलवतो, पण बाहेर आल्यावर काहीच आठवत नाही. असे का होते?

‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडल्यानंतर मन त्याच शब्दापाशी अडकते आणि पुढची दहा मिनिटे बोललेले जवळजवळ सारे निसटते. यात तुमच्या शिक्षणाचा किंवा बुद्धीचा काही संबंध नाही. स्वतः डॉक्टर असलेल्या पालकांचेही असेच होते. म्हणून पहिल्या भेटीत समजले नाही, तर दुसरी भेट मागण्यात संकोच करू नका. एक वही ठेवा, प्रश्न आधी लिहून न्या, आणि शक्य असल्यास घरातला असा एक माणूस बरोबर घ्या जो त्या वेळी तुमच्याइतका हादरलेला नसेल. डॉक्टरांची परवानगी घेऊन मोबाइलवर बोलणे ध्वनिमुद्रित केले, तर गावी असलेल्या आजी-आजोबांनाही ते ऐकवता येते.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगते. या पहिल्या दिवसांत शेत विकणे, दागिने मोडणे, नोकरीचा राजीनामा देणे असे मोठे निर्णय घेऊ नका. उपचार तातडीने सुरू होतील, ते त्यासाठी थांबत नाहीत, आणि मदतीचे जे मार्ग असतात ते कळायला थोडे दिवस जावे लागतात.

माझ्याकडून काही चुकले का? गरोदरपणात काही खाल्ले, ग्रहण पाळले नाही, मोबाइल उशाशी ठेवला, म्हणून हे झाले का?

नाही. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आईने विचारला आहे आणि प्रत्येकीला मी हेच उत्तर दिले आहे. ल्युकेमियात अस्थिमज्जेतील, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त तयार करणाऱ्या गाभ्यातील, पेशींच्या जनुकांमध्ये बदल होतात आणि त्या पेशी अनिर्बंध वाढू लागतात; बहुसंख्य मुलांच्या बाबतीत हे बदल का झाले याचे कोणतेही एक कारण सापडत नाही. हा आजार संसर्गाने पसरत नाही आणि बहुतेक वेळा तो आईवडिलांकडून आलेला नसतो.

दुसऱ्या प्रकारचा अपराधभाव उशिराविषयीचा असतो. महिनाभर ताप येत होता, गावातल्या डॉक्टरांनी साधा ताप म्हणून औषधे दिली, पाय दुखतात म्हणून मूल रडत होते तेव्हा आपण त्याला खेळून दमला असशील म्हणालो, हे पालकांना पुन्हा पुन्हा आठवत राहते. परंतु ताप, फिकटपणा, हाडांचे दुखणे, अंगावर उठणारे निळे डाग ही लक्षणे सुरुवातीला इतक्या साध्या आजारांसारखी दिसतात की अनुभवी डॉक्टरांनाही पहिल्या भेटीत शंका येतेच असे नाही.

थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक आजारांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने टोचतो, कारण तेथे जनुक खरोखरच आईवडिलांकडून येते. तेथेही लक्षात घ्यायला हवे की मेजर, म्हणजे गंभीर, प्रकारचा आजार होण्यासाठी दोघेही त्या जनुकाचे वाहक असावे लागतात, वाहक व्यक्ती स्वतः निरोगी असते, आणि रक्ततपासणी केल्याशिवाय तिला हे कळण्याचा मार्ग नसतो. सासरची मंडळी एकट्या सुनेकडे बोट दाखवतात तेव्हा मी डॉक्टरांना विनंती करते की त्यांनी सर्वांना एकत्र बसवून हे समजावून सांगावे. तुम्हीही तशी विनंती करू शकता. पांढऱ्या कोटातल्या माणसाने सर्वांसमोर सांगितलेले एक वाक्य घरातली कित्येक महिन्यांची धुसफूस थांबवते.

तरीही अपराधभाव लगेच जात नाही. कारणच नाही यापेक्षा ‘कारण मी आहे’ हे मनाला कधी कधी सोपे वाटते, कारण ते एकदा सापडले की सारे आपल्या हातात होते असा भास तरी होतो. हा विचार कुणापाशी तरी मोठ्याने बोलून दाखवा. बोलल्यावर त्यातला फोलपणा स्वतःलाच ऐकू येतो.

मुलासमोर रडू नये असे सगळे सांगतात. ते खरे आहे का?

कधी तरी डोळे भरून आले, तर काही बिघडत नाही. ‘तुला सुई टोचताना बघून मला वाईट वाटले, म्हणून रडू आले,’ एवढे सांगितले, तर मुलाला कळते की रडण्याची मुभा त्यालाही आहे. मूल घाबरते ते कारण न कळलेल्या रडण्याला, आणि बंद दारामागच्या कुजबुजीला. मात्र मुलाने तुमचे सांत्वन करायचे अशी वेळ वारंवार येऊ लागली असेल, तर तुम्हाला स्वतःसाठी आधाराची गरज आहे असे समजावे.

मुलाला आजाराविषयी खरे सांगावे का? आमच्या घरात कुणालाच ते मान्य नाही.

सांगावे, त्याच्या वयाला झेपेल एवढे आणि त्याच्या गतीने. न सांगण्यामागे प्रेमच असते, हे मला ठाऊक आहे. तळहाताच्या फोडासारखे जपलेल्या लेकराच्या तोंडावर असा शब्द उच्चारणे कुणालाही जड जाते. परंतु वॉर्डात राहणाऱ्या मुलापासून ही गोष्ट लपत नाही. मायरा ब्लूबाँड-लँग्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांमध्ये राहून अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळले की मोठ्यांनी काहीही न सांगता मुलांना आपल्या आजाराचे गांभीर्य पुरते कळलेले असते, आणि मोठ्यांना त्रास होऊ नये म्हणून ती काहीच कळले नसल्याचे सोंग घेतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी सोंग चालू राहते आणि सर्वांत एकटे पडते ते मूल.

लहान मुलांना तीन गोष्टी स्पष्ट सांगणे आवश्यक असते: हा आजार तुझ्या कोणत्याही वागण्यामुळे झालेला नाही, तो कुणाला तुझ्यापासून होणार नाही, आणि तुझी काळजी घ्यायला आम्ही आहोत. चार-पाच वर्षांच्या मुलाला कीमोमुळे (कर्करोगाच्या औषधांमुळे) केस जातील आणि पुन्हा येतील हे आधी सांगितले, तर उशीवर केस पाहून ते दचकत नाही. ‘सुई टोचणार नाही’ असे खोटे सांगून मुलाला आत नेऊ नये, कारण त्यानंतर ते तुमच्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही, आणि मणक्यातले इंजेक्शन पुढे अनेकदा घ्यायचे असते. बारा-तेरा वर्षांची मुले मोबाइलवर सारे काही शोधून काढतात. त्यांना ते तुमच्याकडून कळणे कधीही चांगले. आजी-आजोबांचा विरोध असेल, तर संपूर्ण सत्य एकाच दिवशी सांगायचे नसून मुलाने विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर द्यायचे नाही एवढीच अट आहे, असे त्यांना समजवावे. एवढे बहुतेकांना पटते.

स्टेरॉइड सुरू झाल्यापासून मुलगा ओळखू येत नाही. रात्री दोन वाजता वरण-भात मागतो, ताट फेकतो, मला मारतो. परवा माझाही हात उठला आणि तेव्हापासून मला स्वतःची लाज वाटते.

प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन या औषधांमुळे अनावर भूक, झोपमोड, चिडचिड, एकाएकी रडू येणे हे सारे होते. वागणे बदलते ते औषधामुळे, आणि औषध कमी होत गेले की मूल पुन्हा पूर्वीसारखे वागू लागते. अनेक उपचारपद्धतींत मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार आटोक्यात आल्यानंतरच्या दीर्घ उपचारांच्या, काळातही दर महिन्याला काही दिवस स्टेरॉइड असते. ते दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा आणि त्या दिवसांत घरात जास्तीचा एक माणूस असेल अशी व्यवस्था करा.

राग येणे हा गुन्हा नाही. कित्येक महिने नीट न झोपलेल्या माणसाला राग येणारच, आणि तो राग मुलावर, डॉक्टरांवर, नवऱ्यावर, देवावर, कुणावरही निघतो. हात उठेल असे वाटले, तर मुलाला सुरक्षित जागी बसवून दोन मिनिटे बाजूला व्हा. वॉर्डात असाल, तर सिस्टरना सांगा, त्यांना हे नवीन नसते. प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) कमी असलेल्या मुलाला साध्या धक्क्यानेही रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ही दक्षता महत्त्वाची आहे. झाले त्याबद्दल मुलाची माफी मागावी. मुले माफी मोठ्या मनाने स्वीकारतात. असे प्रसंग पुन्हा घडत असतील, तर तो विषय समुपदेशकांकडे जायला हवा, कारण ती तुमच्या थकव्याची सीमा ओलांडल्याची खूण आहे.

मी मुलाला घेऊन मुंबईत आणि नवरा गावी, अशी आमची वर्षभर फाटाफूट झाली आहे. फोनवर भांडणाशिवाय दुसरे काही होत नाही.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जळगाव, नांदेड, गडचिरोली येथून, तसेच बिहार, बंगालमधून आलेल्या कुटुंबांची हीच स्थिती असते. आई एका खोलीत मुलाचे काउंट (रक्तातील पेशींची संख्या), ताप आणि औषधांच्या वेळा यांत बुडालेली असते. वडील शेत, नोकरी, कर्ज आणि घरी राहिलेली मुले सांभाळत असतात. दोघांनाही वाटते की खरे ओझे आपल्यावर आहे, आणि दोघांचेही बरोबर असते. वडिलांविषयी थोडे अधिक लिहिते, कारण त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. ‘पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय’ हे ऐकत वाढलेला माणूस दुःख बोलून दाखवण्याऐवजी धावपळ करतो, गप्प राहतो, काही वेळा दारू जवळ करतो. बायकोला तो निष्ठुर वाटतो. मी अनेक वडिलांना रुग्णालयाच्या जिन्यावर एकटे बसलेले पाहिले आहे, आणि चहाला चला म्हटल्यावर तासभर बोलताना ऐकले आहे.

फोनचे दोन भाग करून पाहा. एक फोन केवळ व्यवहाराचा, पैसे आणि तपासण्यांचा. दुसरा, छोटा का होईना, ज्यात आजाराचा विषय काढायचा नाही. शक्य असेल तेव्हा वडिलांनी आठ दिवस येऊन मुलापाशी राहावे आणि आईने गावी जाऊन यावे. आईला हा बदल नकोसा वाटतो, औषधे चुकतील अशी भीती वाटते. वहीत सारे लिहून द्यावे आणि जावे.

राहण्याच्या जागेचा प्रश्न सुटला, तर ताण बराच कमी होतो. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही २००६ साली मुंबईत सुरू झालेली संस्था कर्करोगाच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना उपचारांच्या काळात विनामूल्य राहण्याची जागा देते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांचा आधार पिढ्यान्‌पिढ्या रुग्णांना मिळत आला आहे. अशा ठिकाणी आणखी एक गोष्ट मिळते: शेजारच्या खोलीतल्या बाईला ‘काउंट पडले’ एवढेच म्हणावे लागते, पुढचे तिला समजावून सांगावे लागत नाही.

मोठी मुलगी घरी आजीकडे आहे. ती फार शहाणी झाली आहे, काहीच मागत नाही. ते चांगलेच नाही का?

मला अशा शहाण्या मुलांची अधिक काळजी वाटते. भावंडांच्या मनात बरेच काही चाललेले असते: मी त्याच्याशी भांडले म्हणून तो आजारी पडला का, मलाही हे होईल का, आईला आता मी नको आहे का, आणि काही वेळा त्याला मिळणाऱ्या खेळण्यांचा हेवा, मग त्या हेव्याची शरम. यातले काहीही ती बोलणार नाही, कारण आईला आणखी त्रास द्यायचा नाही हे तिने मनाशी ठरवलेले असते. त्याऐवजी पोट दुखते, गुण घसरतात, रात्री अंथरूण ओले होते.

तिला आजाराचे नाव सांगा. रोजचा एक ठरलेला फोन केवळ तिचा ठेवा, त्यात भावाची चौकशी नको. वर्गशिक्षिकेला कल्पना द्या. संसर्गाचा धोका नसेल त्या दिवशी तिला रुग्णालयात आणून भावाला दाखवा, कारण न पाहिलेले रुग्णालय मुलांच्या कल्पनेत फार भयंकर असते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी भावंडाच्या पेशी घेणार असतील, तर तिच्याशी स्वतंत्रपणे आणि आधी बोलणे आवश्यक आहे. पुढे प्रत्यारोपण यशस्वी झाले नाही, तर आपल्याच पेशींत दोष होता असे मूल आयुष्यभर मानू शकते.

मूल समोर खेळत असते आणि माझ्या मनात त्याच्या मरणाचे विचार येतात. हे अशुभ नाही का?

तुमच्या विचारामुळे काहीही घडत नाही. गमावण्याची भीती असताना मन आधीच शोक करू लागते. एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञाने १९४४ सालीच अशा आगाऊ शोकाचे वर्णन करून ठेवले आहे. युद्धावर गेलेल्यांच्या घरच्यांमध्येही तो दिसतो. आशा आणि ही भीती एकाच मनात, एकाच दिवशी नांदू शकतात, आणि मनात भीती आली म्हणजे आशा सोडली असे होत नाही. आशेला आधारही आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, आणि संघटनेने २०१८ साली सुरू केलेल्या उपक्रमाचे उद्दिष्ट २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले वाचावीत असे आहे. तुमच्या मुलाचा अंदाज मात्र त्याच्या आजाराचा प्रकार, वय आणि पहिल्या औषधांना मिळालेला प्रतिसाद यांवर ठरतो, म्हणून तो त्याच्या डॉक्टरांनाच विचारा.

नवस, उपास, अंगारा यांविषयी डॉक्टरांना सांगायला संकोच वाटतो.

सांगा. देवापाशी बसून मन शांत होत असेल, तर ते अवश्य करावे. दोनच गोष्टी पाळाव्यात: मुलाला तोंडावाटे दिले जाणारे काहीही, मग ते तीर्थ असो वा काढा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, आणि उपचारांची तारीख कोणत्याही कारणाने चुकवू नये. आईने कडक उपास धरून स्वतःला अशक्त करून घेणे मला योग्य वाटत नाही.

पैशांची चिंता आणि मुलाची चिंता वेगळी कशी करू? पैशांचा विचार मनात आला की मी स्वार्थी आहे असे वाटते.

वेगळी करता येत नाही, आणि करण्याचे कारणही नाही. खर्चाचा हिशेब करणारा बाप मुलावर कमी प्रेम करतो असे नाही. उलट पैशांविषयी बोलायला लाज वाटल्यामुळे कुटुंबे निमूटपणे उपचार सोडून गावी परततात, आणि त्याची टोचणी जन्मभर राहते. म्हणून पहिल्याच आठवड्यात समाजसेवा विभागात या. महाराष्ट्रातील कुटुंबांना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून, तर पात्र कुटुंबांना आयुष्मान भारत योजनेतून मदत मिळते. अंगीकृत रुग्णालयांत त्यासाठी आरोग्यमित्र बसतात. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारांसाठी रेल्वेच्या शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. टाटा रुग्णालयात मुलांच्या विभागाला जोडलेले इम्पॅक्ट फाउंडेशन औषधे, निवास, आहार यांसाठी साहाय्य करते. मदत मागितल्याने कुणाचा मान कमी होत नाही.

दुःख होणारच. पण आता आपल्याला डॉक्टरांची गरज आहे, हे कसे ओळखावे?

बहुतेक पालकांचा ताण निदानाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि पहिल्या वर्षात हळूहळू उतरतो. काहींच्या बाबतीत तो उतरत नाही. मूल शांत झोपलेले असतानाही दोन-दोन आठवडे तुम्हाला झोप लागत नसेल, अन्न गिळवत नसेल, रुग्णालयाचा वास आला किंवा फोन वाजला तरी छातीत धडधड होऊन पहिला दिवस जसाच्या तसा डोळ्यांसमोर उभा राहत असेल, मुलाला जवळ घेतानाही मन कोरडे राहत असेल, औषधांच्या वेळा विसरू लागल्या असतील, झोपेसाठी दारूची किंवा गोळ्यांची सवय लागत असेल, तर समुपदेशकांना अथवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्याची वेळ झाली आहे. त्यांनी औषध दिले, तर ते घ्यावे. लोक काय म्हणतील, हा विचार येथे बाजूला ठेवावा लागतो.

केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही निःसंकोच सांगा. कर्करोगग्रस्त मुलांच्या मानसिक-सामाजिक देखभालीची १५ मानके २०१५ साली तज्ज्ञांनी प्रसिद्ध केली आणि त्यांत पालकांच्या मानसिक आरोग्याची तपासणी हे स्वतंत्र मानक आहे. म्हणजे पालकांच्या मनाची देखभाल मुलाच्या उपचारांतच मोडते, आणि ती मागताना तुम्ही कुणाचा वेळ घेत नसता.

मुलासह जीव द्यावा असे विचार मनात येतात.

आजच, आत्ता, जवळच्या माणसाला किंवा वॉर्डातल्या सिस्टरना हे सांगा आणि एकटे राहू नका. १४४१६ वर बोला. धोका समोर उभा असेल, तर ११२ वर फोन करा किंवा थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. असा विचार येणे हे तीव्र नैराश्याचे लक्षण असते आणि त्यावर उपचार आहेत. तुम्हाला कुणी दोष देणार नाही.

वॉर्डात शेजारच्या खाटेवरचे मूल गेले. माझा मुलगा विचारतो, तो कुठे गेला. मलाही त्याच्या आईसमोर जाता येत नाही.

मुलाला ‘घरी गेला’ असे सांगू नका. त्याला खरे कळते तेव्हा घरी जाण्याचीच भीती बसते. ‘त्याचा आजार फार वाढला होता, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण तो वारला, तुझा आजार आणि तुझी औषधे वेगळी आहेत,’ असे सांगता येते, मात्र हे खरे असेल तेवढेच सांगावे. तुम्हाला दुःखाबरोबरच ‘आपले मूल आहे’ म्हणून सुटल्यासारखे वाटले असेल, आणि त्याचीच लाज वाटत असेल. वॉर्डातल्या जवळजवळ प्रत्येक आईने हे अनुभवलेले असते. त्या माउलीजवळ जाऊन काही न बोलता बसलात तरी पुरे. तिच्या लेकराचे नाव तिच्यासमोर घ्यायला घाबरू नका.

उपचार संपले, सगळे पेढे वाटत आहेत, आणि मला मात्र आधीपेक्षा जास्त भीती वाटते. असे का?

उपचार चालू असतात तेव्हा दर आठवड्याला तपासणी असते, डॉक्टर दिसतात, आपण आजाराविरुद्ध काही तरी करत आहोत असे वाटते. ते सारे एकदम थांबते आणि दोन वर्षे दाबून ठेवलेले वर येते. मुलाला साधी सर्दी झाली तरी रिलॅप्सची, म्हणजे आजार उलटल्याची, शंका येते, तपासणीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. हे अपेक्षित आहे आणि बहुतेकांचे कालांतराने सौम्य होते. पाठपुराव्याच्या भेटी चुकवू नका. टाटा रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र चिकित्सालय चालते, आणि ‘उगम’ या गटात लहानपणी कर्करोगातून बरे झालेले तरुण एकत्र येतात. शिकणारी, नोकरी करणारी, लग्न झालेली ही मुले प्रत्यक्ष पाहिल्यावर पालकांच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो, तो माझ्या कोणत्याही समजावणीने पडलेला मी पाहिलेला नाही.

डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरच्या विभागात पाठवले. त्यांनी हात टेकले का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या व्याख्येनुसार मुलांची पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी उपशामक सेवा, निदान होताच सुरू व्हायला हवी आणि आजारावरचे उपचार चालू असोत वा नसोत, ती चालूच राहायला हवी. दुखणे, उलट्या, धाप, भीती, झोप आणि घरच्यांची मनःस्थिती हे तिचे विषय आहेत. मॉर्फिन सुचवल्यावर पालक दचकतात, मुलाला व्यसन लागेल असे त्यांना वाटते. वेदनेसाठी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने तसे सहसा होत नाही, आणि विव्हळणारे मूल शांत झोपले की आईही कित्येक रात्रींनी झोपते.

आजार बरा होणार नाही हे स्पष्ट झाल्यावर ‘उपचार थांबवले म्हणजे आपण मुलाला सोडून दिले’ असे पालकांना वाटते. शरीराला केवळ त्रासच देईल अशी कीमो थांबवणे आणि त्याला घरी, आपल्या अंथरुणावर, वेदनेविना ठेवणे हीसुद्धा शुश्रूषाच आहे, आणि माझ्या मते ती अधिक कठीण आहे. हा निर्णय डॉक्टरांनी तुमच्याबरोबर घ्यायचा असतो. तो एकट्या आईच्या किंवा बापाच्या सहीवर टाकला जात असेल, तर तसे स्पष्ट बोला. मुंबईत बांद्र्याला १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस (अखेरच्या काळातील रुग्णांची शुश्रूषा करणारे केंद्र) मानले जाते आणि गोव्यात लोटली येथेही त्यांची शाखा आहे.

मुलाने ‘मी मरणार का’ असे विचारले तर?

लगेच ‘छे, काहीतरीच काय’ म्हणून विषय बंद करू नका. ‘तुला असे का वाटले?’ असे विचारा आणि ऐका. कदाचित त्याला मरणाविषयी नव्हे, तर दुखेल का, आई जवळ असेल का, याविषयी विचारायचे असेल. १९९२ ते १९९७ या काळात कर्करोगाने मूल गमावलेल्या स्वीडनमधील पालकांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मुलाशी मृत्यूविषयी बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप झाला नव्हता. न बोललेल्या २५८ पालकांपैकी ६९ जणांना न बोलल्याची खंत होती. आपल्याकडे हे संभाषण बहुधा थेट शब्दांत होत नाही. गोष्टीतून, चित्रातून, देवाघरी गेलेल्या आजोबांच्या आठवणीतून होते, आणि तसे झाले तरी ते झालेच.

मूल गेल्यावर लोक म्हणतात, दुसरे होऊ द्या, विसरा. वर्ष झाले, मला विसरता येत नाही.

विसरायचे नसते. गेलेल्या मुलाचे स्थान दुसरे मूल घेत नाही, आणि घ्यावे अशी अपेक्षा त्या नव्या जिवावरही अन्याय करते. बारावे-तेरावे झाले की गाव आपल्या कामाला लागते. आईवडिलांचा शोक मात्र त्यानंतरच खरा सुरू होतो, कारण तोवर दिवसाचा प्रत्येक तास औषधांनी भरलेला असतो आणि आता हात रिकामे होतात. नवरा-बायकोच्या शोकाची चाल सारखी नसते, एकाला फोटो हवा असतो, दुसऱ्याला तो पाहवत नाही, यावरून एकमेकांचे प्रेम मोजू नये. वाढदिवस आणि पुण्यतिथीच्या आसपास सारे पुन्हा उसळते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना भेटावेसे वाटले, तर या. मनात राहिलेले प्रश्न विचारा. वर्षानंतरही रोजचे व्यवहार अशक्य होत असतील, तर वर सांगितलेली मदत घ्यावी.

नर्स आणि डॉक्टरांना या साऱ्याची सवय होते का?

होत नाही. वर्षानुवर्षे तीच मुले येतात, सिस्टरना ‘ताई’ म्हणतात, आणि त्यांतली काही जातात; त्याच पाळीत शेजारच्या खाटेवर हसऱ्या चेहऱ्याने सलाइन लावायची असते. इतरांचे दुःख सतत झेलल्याने येणारा करुणेचा थकवा परिचारिकांमध्ये १९९२ पासून नोंदवला गेला आहे. जे योग्य वाटते ते खाटा, माणसे किंवा अधिकार नसल्यामुळे करता न येण्याचा नैतिक क्लेश त्याहून वेगळा असतो, आणि माझ्या पाहण्यात तो अधिक खोल जातो. मूल गेल्यानंतर सहकाऱ्यांनी एकत्र बसून बोलणे, सलग जड पाळ्या टाळणे, वरिष्ठांनी स्वतः आपले दुःख उघड करणे यांचा उपयोग होतो. कोरडेपणाने बोलणारी एखादी सिस्टर भेटली, तर तिची ती कितवी पाळी आहे, हेही कधी विचारून पाहावे.

आम्ही नातेवाईक किंवा शेजारी आहोत. आम्ही काय करावे?

‘काही लागले तर सांगा’ असे म्हणू नका. थकलेल्या माणसाला काय लागते, हे सांगण्याचेही त्राण नसते. मंगळवारचा डबा मी आणीन, मोठ्या मुलीला शाळेतून मी घेईन, रक्तपेढीत प्लेटलेट द्यायला मी येईन, असे ठरवूनच सांगा आणि पाळा. इतर रुग्णांच्या गोष्टी, इंटरनेटवरचे उपाय आणि ‘तू फार धीराची आहेस’ हे कौतुक टाळा, कारण त्या कौतुकानंतर तिला खचून जाण्याचीही सोय उरत नाही. पहिल्या महिन्यात सगळेच येतात. सहाव्या महिन्यात आणि पुढच्या वर्षीही या. सर्दी-खोकला असेल, तर घरात शिरू नका. डबा दारात ठेवून फोन करा.